मोठ्या प्रशिक्षकाच्या जागी येणाऱ्याला वर्षे किती द्यायची?

प्रश्न : आम्ही गेली सात वर्षे अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिनातल्या कॅरी या गावी राहतो. आमच्या वसाहतीत निम्मी घरे ड्यूक विद्यापीठाच्या बास्केटबॉल संघाची, तर निम्मी नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठाची. माझा मुलगा नववीत असून शाळेच्या संघात खेळतो. २०२१ मध्ये कॅरोलिनाचे प्रशिक्षक रॉय विल्यम्स निवृत्त झाले आणि पुढच्याच वर्षी ड्यूकचे ‘कोच के’. तेव्हापासून कोणताही संघ हरला की ‘जुने असते तर असे झाले नसते’ हेच ऐकू येते, आणि मुलगाही आता तेच बोलू लागला आहे. एवढा मोठा प्रशिक्षक गेल्यावर संघ सावरतो तो नेमका कशाने, आणि नव्या माणसाला किती काळ द्यावा? — एक वाचक, कॅरी

उत्तर : आपण काळाबद्दल विचारले आहे, म्हणून आधी त्या जुन्या मोठ्या माणसांचीच सुरुवातीची वर्षे सांगतो. आपल्या मुलालाही ती अवश्य सांगा.

ज्यांना सगळे ‘कोच के’ म्हणतात ते माइक शशेफ्स्की १९८० मध्ये ड्यूकला आले. पहिल्या तीन हंगामांत त्यांचा संघ ३८ सामने जिंकला आणि ४७ हरला. १९८३ च्या विभागीय स्पर्धेत व्हर्जिनियाने त्यांना १०९-६६ असे हरवले, तेव्हा त्यांना काढून टाकावे अशी मागणी विद्यापीठाचे पैसेवाले हितचिंतक उघडपणे करत होते. क्रीडा संचालक टॉम बटर्स यांनी ती मानली नाही. पुढच्या हंगामाचा सराव सुरू झाला त्या दिवशी खेळाडू मैदानात आले, तर गुणफलकावर १०९-६६ हेच आकडे लावून ठेवलेले होते. पहिले राष्ट्रीय विजेतेपद मिळायला १९९१ साल उजाडावे लागले, म्हणजे अकरावा हंगाम.

कॅरोलिनाचे डीन स्मिथ १९६१ मध्ये मुख्य प्रशिक्षक झाले. १९६५ च्या जानेवारीत संघ बाहेरगावचा सामना हरून परतला, तेव्हा व्यायामशाळेसमोरच्या झाडाला विद्यार्थ्यांनी स्मिथ यांचा पुतळा फासावर लटकवलेला होता. बसमधल्या खेळाडूंनी तो पाहिला आणि बिली कनिंगहॅम या खेळाडूने उतरून तो खाली ओढला. स्मिथ यांना पहिले विजेतेपद १९८२ मध्ये मिळाले, म्हणजे एकविसाव्या हंगामात. लॉस एंजेलिसच्या यूसीएलए विद्यापीठाचे जॉन वुडन, ज्यांच्या नावावर बारा वर्षांत दहा विजेतेपदे आहेत, ते १९४८ मध्ये तेथे रुजू झाले होते आणि पहिला राष्ट्रीय चषक त्यांच्या हाती आला तो १९६४ मध्ये.

या तिघांना जो वेळ मिळाला तो त्यांच्या जागी आलेल्यांना मिळत नाही, आणि बहुतेक संघांची पडझड मला तरी येथूनच सुरू झालेली दिसते. लोक नव्या माणसाचे पहिले वर्ष जुन्याच्या शेवटच्या वर्षाशेजारी ठेवून पाहतात, पण ते ठेवायला हवे जुन्याच्या पहिल्या वर्षाशेजारी.

मायदेशातील वाचकांसाठी थोडे थांबून सांगतो. आपल्याकडे महाविद्यालयाचा संघ म्हणजे प्रवेश घेतलेल्या मुलांतून निवडलेला संघ. अमेरिकेत मुख्य प्रशिक्षक स्वतः राज्याराज्यांत हिंडून शाळकरी खेळाडू शोधतो, त्यांच्या घरी जाऊन आईवडिलांशी बोलतो आणि शिष्यवृत्ती देऊन त्यांना विद्यापीठात आणतो. आई आपला सतरा-अठरा वर्षांचा मुलगा विद्यापीठाच्या इमारतींकडे पाहून पाठवत नाही, ती समोर बसलेल्या माणसाच्या शब्दावर पाठवते. त्यामुळे असा माणूस तीस-चाळीस वर्षांनी उठून गेला की त्याच्याबरोबर तो शब्दही जातो, आणि येणाऱ्याला प्रत्येक घरात तो नव्याने कमवावा लागतो.

या दृष्टीने यूसीएलएची कथा सर्वांत बोलकी आहे, म्हणून ती जरा सविस्तर सांगतो. वुडन हे इंग्रजीचे शिक्षक. हंगामाच्या पहिल्या सरावाला ते नव्या खेळाडूंना मोजे कसे घालायचे ते शिकवत. टाचेपाशी आणि बोटांपाशी एकही सुरकुती राहू द्यायची नाही, नंतर बुटाची नाडी एकेका छिद्रापासून घट्ट ओढत आणायची. कारण सुरकुती राहिली तर फोड येतो, फोड आला तर सराव बुडतो आणि सराव बुडला तर सामना जातो. देशभर नावाजलेली सहा-सात फुटी मुले खाली बसून हे शिकत. १९७५ मध्ये उपांत्य सामना जिंकल्यावर वुडन यांनी खेळाडूंच्या खोलीत आपली निवृत्ती जाहीर केली आणि दोन दिवसांनी केंटकीला ९२-८५ असे हरवून दहावे विजेतेपद मिळवले. आदल्या वर्षी संघ उपांत्य फेरीत हरला होता. त्याचा उल्लेख करून एका हितचिंतकाने त्या रात्री त्यांना म्हटले, की गेल्या वर्षी तुम्ही आमची निराशा केली होती, ती आज भरून निघाली. ही आठवण वुडन स्वतःच सांगत. दहा विजेतेपदांच्या धन्याशी लोक असे बोलत असतील, तर पुढच्या माणसाच्या वाट्याला काय येणार हे तेव्हाच कळायला हवे होते.

पुढचा माणूस होता जीन बार्टो. मेम्फिसच्या संघाला १९७३ मध्ये अंतिम सामन्यापर्यंत नेलेला हा सज्जन, अनुभवी प्रशिक्षक. यूसीएलएत दोन हंगामांत त्याने ५२ सामने जिंकले आणि फक्त ९ गमावले; पहिल्याच वर्षी संघ अखेरच्या चारांत होता. दुसऱ्या कोणत्याही गावी या कामगिरीवर सत्कार झाला असता. येथे मात्र प्रत्येक पराभवाचा जाब विचारला जाई, आणि १९७७ मध्ये तो राजीनामा देऊन अलाबामातील बर्मिंगहॅमला निघून गेला. तेथे बास्केटबॉलचा संघच नव्हता. तो त्याने शून्यातून उभा केला आणि १९९६ पर्यंत सांभाळला. आज तेथील क्रीडागृहाला बार्टोचे नाव आहे. यूसीएलएने मात्र १९७५ ते १९८८ या तेरा वर्षांत पाच प्रशिक्षक पाहिले. त्यांतले गॅरी कनिंगहॅम, लॅरी फार्मर आणि वॉल्ट हॅझर्ड हे तिघे तर वुडन यांच्याच हाताखाली खेळलेले. कनिंगहॅमनेही ५० विजय आणि ८ पराभव अशा दोन हंगामांनंतर स्वतःहून पद सोडले. पुढचे विजेतेपद आले १९९५ मध्ये जिम हॅरिक यांच्या काळात, वीस वर्षांनी आणि त्यांच्या सातव्या हंगामात. मुले तशीच गुणी मिळत होती आणि पैसाही होता. वुडन यांना पहिल्या विजेतेपदापूर्वी मिळालेली सोळा वर्षे मात्र पुढे कोणालाच मिळाली नाहीत.

आता आपल्या शेजारच्या दोन विद्यापीठांकडे येतो. डीन स्मिथ १९९७ च्या ऑक्टोबरात, सराव सुरू होण्याच्या तोंडावर निवृत्त झाले. त्यांच्या नावावर ८७९ विजय होते आणि तो तेव्हाचा विक्रम होता. इतक्या उशिरा बाहेरून माणूस शोधणे शक्य नव्हते, त्यामुळे तीस वर्षे त्यांच्या शेजारी बसलेले बिल गथ्रिज यांच्याकडे पद आपसूक आले, आणि स्मिथ यांचा हेतूही तोच होता असे मानले जाते. गथ्रिज यांनी तीन हंगामांत दोनदा संघ अखेरच्या चारांत नेला. तरी २००० च्या हिवाळ्यात चार सामने गेल्याबरोबर त्यांच्यावर टीकेची झोड उठली होती.

त्यानंतर रॉय विल्यम्स यांनी नकार दिला आणि स्मिथ यांचाच शिष्य मॅट डोहर्टी आला. त्याने आधीच्या विद्यापीठातले आपले सहायक बरोबर आणले आणि वर्षानुवर्षे तेथे असलेली माणसे बाहेर गेली. पहिले वर्ष उत्तम गेले, पण दुसऱ्या वर्षी संघ ८ सामने जिंकून २० हरला आणि सलग २७ वर्षे राष्ट्रीय स्पर्धेत खेळण्याची परंपरा खंडित झाली. २००३ मध्ये डोहर्टीला जावे लागले. या प्रकरणात त्याच्या चुका होत्याच. खेळाडूंशी त्याचे जमले नाही. पण त्याने निवडून आणलेली रेमंड फेल्टन, शॉन मे आणि रशाद मकॅन्ट्स ही मुलेच २००५ मध्ये रॉय विल्यम्स यांच्या हाताखाली राष्ट्रीय विजेती ठरली. पेरणी एकाची आणि सुगी दुसऱ्याची. विल्यम्स यांच्या मोठेपणाला याने काही उणेपणा येत नाही, पण डोहर्टीचे नाव काढताना एवढे तरी लक्षात असू द्यावे.

ड्यूकने या साऱ्यातून धडा घेतला असावा असे मला वाटते. कोच के यांनी २०२१ च्या जूनमध्येच पुढचा हंगाम अखेरचा असल्याचे सांगितले आणि त्याच आठवड्यात जॉन शायर यांचे नाव जाहीर झाले. शायर २०१० च्या विजेत्या संघाचे कर्णधार होते आणि नंतर अनेक वर्षे सहायक. निरोपाच्या त्या संपूर्ण वर्षात जुना माणूस सामने लढवत होता, तर नवा माणूस पुढच्या वर्षीच्या मुलांच्या घरी जाऊन बसत होता. जो शब्द नव्याने कमवावा लागतो असे वर म्हटले, तो कमवायला शायर यांना एक अख्खे वर्ष मिळाले. त्यांच्या पहिल्या हंगामात संघाने विभागीय विजेतेपद मिळवले आणि तिसऱ्या हंगामात कूपर फ्लॅग या खेळाडूसह ३५ सामने जिंकून तो अखेरच्या चारांत पोहोचला. तेथे ह्यूस्टनविरुद्ध शेवटच्या ३५ सेकंदांत ६ गुणांची आघाडी हातची गेली, आणि ती रात्र आपल्या वसाहतीत कशी गेली असेल याची मला कल्पना आहे.

कॅरोलिनात विल्यम्स यांच्या जागी आलेल्या ह्युबर्ट डेव्हिस यांचे पहिले दोन हंगाम आपल्या प्रश्नाला फार नेमके लागू पडतात. पहिल्या हंगामात त्यांनी कोच के यांना त्यांच्या घरच्या अखेरच्या सामन्यात हरवले, नंतर राष्ट्रीय उपांत्य फेरीत ८१-७७ असे हरवले आणि अंतिम सामना अवघ्या ३ गुणांनी गमावला. दुसऱ्या हंगामाच्या आरंभी त्यांच्या संघाला देशात पहिला क्रमांक दिला गेला, आणि तोच संघ राष्ट्रीय स्पर्धेत प्रवेशही मिळवू शकला नाही. वर्षभरापूर्वी डोक्यावर घेणारी माणसे वर्षभराने पदावरून काढा म्हणत असतील, तर त्यांच्या दोन्ही वेळच्या मतांना मी फारसे वजन देणार नाही. आपल्या मुलाला चार हंगाम थांबायला सांगा. एका वर्षी घेतलेली मुले पदवीपर्यंत पोहोचायला चार वर्षे लागतात, आणि तोवर संघ खऱ्या अर्थाने नव्या प्रशिक्षकाचा झालेला नसतो.

प्रश्न : मी शारीरिक शिक्षणाचा निवृत्त शिक्षक आहे. आमच्याकडे तालमीत वस्तादांच्या मागे त्यांचा पट्टशिष्यच बसतो. अमेरिकी विद्यापीठांत हीच रीत आहे काय आणि ती योग्य ठरते काय? — एक वाचक, सांगली

उत्तर : रीत पुष्कळ ठिकाणी हीच आहे, सर. ती योग्य ठरते की नाही हे मात्र शिष्याला काय बदलू दिले जाते यावर अवलंबून असते.

केंटकीचे अडॉल्फ रप १९३० पासून बेचाळीस वर्षे प्रशिक्षक होते. १९७२ मध्ये सत्तरीच्या नियमाने त्यांना मनाविरुद्ध निवृत्त व्हावे लागले आणि त्यांचे सहायक जो बी. हॉल आले. चारच वर्षांत नवे भव्य क्रीडागृह उभे राहिले आणि त्याला नाव दिले गेले रप यांचे. हॉल यांना घरचा प्रत्येक सामना त्या नावाखाली खेळवावा लागला. पण रप यांच्या काळातली एक मोठी उणीव हॉल यांनी दूर केली. रप यांच्या संघात कृष्णवर्णीय खेळाडूला जागा मिळायला १९७० साल उजाडले होते, आणि १९६६ च्या अंतिम सामन्यात टेक्सास वेस्टर्नच्या पाच कृष्णवर्णीय खेळाडूंनी त्यांच्या संपूर्ण गोऱ्या संघाला हरवले होते. हॉल यांनी ते दार नीट उघडले. १९७८ मध्ये केंटकीने ड्यूकला हरवून विजेतेपद मिळवले, तेव्हा एकट्या जॅक गिव्हन्सने ४१ गुण केले. हा कृष्णवर्णीय मुलगा त्याच लेक्सिंग्टन शहरात वाढलेला होता. शिष्याने गुरूचे चांगले ते राखावे आणि राहून गेले ते पुरे करावे, याचे याहून चांगले उदाहरण मला माहीत नाही.

याउलट व्हिलानोव्हा विद्यापीठ. २०१६ आणि २०१८ चे विजेते प्रशिक्षक जे राइट २०२२ च्या एप्रिलमध्ये साठाव्या वर्षी अचानक निवृत्त झाले. त्यांचा सहायक राहिलेला काइल नेपच्यून वर्षभरापूर्वीच दुसऱ्या विद्यापीठाचा मुख्य प्रशिक्षक झाला होता. तेवढ्या एका वर्षाच्या अनुभवावर त्याला परत बोलावले गेले. तीन हंगामांत ५४ विजय, ४७ पराभव आणि राष्ट्रीय स्पर्धेत एकदाही प्रवेश नाही, म्हणून २०२५ मध्ये त्याला काढून बाहेरचे केव्हिन विलार्ड यांना आणले गेले. नेपच्यूनच्या बाजूनेही एक गोष्ट सांगितली पाहिजे. तो आला तेव्हा खेळाचे नियमच पालटत होते. २०२१ पासून खेळाडूला एक वर्ष बाहेर न बसता दुसऱ्या विद्यापीठात जाऊन खेळता येऊ लागले आणि आपल्या नावावर पैसे मिळवण्याचीही मुभा मिळाली. राइट यांचा संघ म्हणजे तीन-चार वर्षे एकत्र मुरलेली मुले, आणि नेमकी तीच पद्धत या नियमांनी अवघड करून टाकली. प्रशिक्षक बदलला की खेळाडूंना दुसरीकडे जाण्यासाठी वेगळी मुदत मिळते, त्यामुळे आता नव्या प्रशिक्षकाच्या पहिल्याच आठवड्यात अर्धा संघ निघून जाऊ शकतो. व्हर्जिनियाला २०१९ चे विजेतेपद मिळवून देणारे टोनी बेनेट २०२४ च्या ऑक्टोबरात, हंगाम तीन आठवड्यांवर असताना बाजूला झाले, ते या नव्या व्यवस्थेत आपण बसत नाही असे सांगूनच. त्यांच्या जागी सहायक रॉन सँचेझ यांना हंगामापुरते नेमले गेले. १५ विजय आणि १७ पराभव झाले आणि विद्यापीठाने बाहेरून रायन ओडम यांना आणले. ऐन वेळी जाऊन आपल्या माणसाला संधी मिळवून देण्याची डीन स्मिथ यांची युक्ती आता चालेल असे मला वाटत नाही.

कनेक्टिकट विद्यापीठाने मात्र दोन्ही वाटा चालून पाहिल्या. जिम कॅलहून यांच्यानंतर २०१२ मध्ये त्यांचाच शिष्य केव्हिन ऑली आला आणि दुसऱ्याच हंगामात, २०१४ मध्ये, राष्ट्रीय विजेता झाला. पुढे लागोपाठ दोन हंगाम पराभव जास्त झाले, नियमभंगाची चौकशीही लागली आणि २०१८ मध्ये त्याला जावे लागले. मग बाहेरून डॅन हर्ली आले. त्यांचा पहिला हंगाम १६ विजय आणि १७ पराभवांचा होता. त्यांना ठेवले गेले, आणि २०२३ व २०२४ अशी लागोपाठ दोन विजेतेपदे आली.

प्रश्न : मी महाविद्यालयाच्या संघातून खेळते. मुलींच्या संघांबद्दल कधीच कोणी लिहीत नाही. तेथेही असेच घडते का? — एक वाचक, नागपूर

उत्तर : तेथेही असेच घडते, आणि लिहिले जात नाही ही तुमची तक्रार रास्त आहे.

टेनेसीच्या पॅट समिट १९७४ मध्ये बावीस वर्षांच्या असताना मुख्य प्रशिक्षक झाल्या. महिन्याला २५० डॉलर मिळत; संघाचे कपडे त्याच धुवत आणि सामन्याला जाताना गाडीही त्याच चालवत. पहिले राष्ट्रीय विजेतेपद तेरा वर्षांनी, १९८७ मध्ये मिळाले आणि नंतर आणखी सात. पूर्ण मुदत खेळलेली त्यांची प्रत्येक विद्यार्थिनी पदवी घेऊन बाहेर पडली, हा आकडा मी विजेतेपदांच्या वर ठेवतो. २०११ मध्ये, अवघ्या एकोणसाठाव्या वर्षी, आपल्याला स्मृतिभ्रंशाचा आजार झाल्याचे त्यांनी स्वतः जाहीर केले आणि तो शेवटचा हंगाम सहायकांच्या आधाराने पूर्ण केला. १,०९८ विजय त्यांच्या नावावर आहेत. त्यांची खेळाडू आणि सत्तावीस वर्षे सहायक असलेल्या हॉली वॉरलिक पुढे आल्या. पहिल्या चार हंगामांत तीनदा त्यांचा संघ अखेरच्या आठांत होता. तरी २०१९ मध्ये त्यांना काढण्यात आले. त्यांच्यानंतर केली हार्पर आल्या, त्याही समिट यांच्याच विजेत्या संघातल्या, आणि त्यांना पाच वर्षे मिळाली. आजारामुळे गुरूने अकाली पद सोडलेले, सगळे गाव दुःखात, अशा वेळी जी बाई संघ हाती घेते तिच्या कामाकडे केवळ चषक मोजून पाहणे मला बरोबर वाटत नाही.

तुम्ही खेळाडू आहात, म्हणून स्टॅनफर्डचेही सांगतो. टॅरा व्हॅनडर्व्हिअर २०२४ मध्ये १,२१६ विजयांनंतर निवृत्त झाल्या आणि त्यांच्याच हाताखाली खेळलेल्या केट पे आल्या. त्याच उन्हाळ्यात स्टॅनफर्डची जुनी पश्चिम किनाऱ्याची साखळी मोडली आणि संघाला देशाच्या दुसऱ्या टोकाला, अटलांटिक किनाऱ्यावरच्या विद्यापीठांशी खेळायला जावे लागले. पहिला हंगाम १६ विजय आणि १५ पराभवांचा झाला. १९८७ नंतर प्रथमच संघ राष्ट्रीय स्पर्धेबाहेर राहिला आणि टीका सुरू झाली. व्हॅनडर्व्हिअर स्वतः १९८५ मध्ये स्टॅनफर्डला आल्या, तेव्हा त्यांचा पहिला हंगाम १३ विजय आणि १५ पराभवांचा होता आणि दुसरा १४ विजय आणि १४ पराभवांचा. त्यांना विजेतेपद मिळाले ते पाचव्या हंगामात.